वाहन परवान्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र : डोळे तपासले जातात की नुसती सही होते?

कृष्णाकाठ

चाळिशी ओलांडलेल्या माणसाला खासगी मोटारीचा परवाना काढायचा किंवा त्याचे नूतनीकरण करायचे असेल, तर अर्जासोबत नमुना १-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागते. व्यावसायिक वाहनासाठी ते कोणत्याही वयात लागते. चाळिशीच्या आतल्या खासगी चालकांचे नमुना १ वरील स्वयंघोषणेवर भागते. २०१९ मध्ये मोटार वाहन अधिनियमात दुरुस्ती झाल्यापासून तिशीच्या आत परवाना काढणाऱ्याला तो थेट वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत मिळतो, आणि पंचावन्न वर्षांनंतर मात्र पाच-पाच वर्षांपुरताच मिळतो. म्हणजे उतारवयातल्या चालकाच्या डोळ्यांची, कानांची आणि हातापायांची चौकशी करण्याची संधी शासनाला पाच वर्षांतून एकदा येते. ती आपण कशी वाया घालवतो, याविषयी हा धागा काढला आहे.

माझ्या वडिलांचे वय ७४ आहे आणि कराडहून साताऱ्याला ते अजूनही स्वतः गाडी घेऊन जातात. गेल्या महिन्यात नूतनीकरणासाठी आम्ही प्रमाणपत्र आणले. दवाखान्यात त्यांना रक्तगट विचारला, अंगावरची ओळखीची खूण विचारली आणि प्रमाणपत्र तयार झाले. भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगलेला होता, पण त्याच्याकडे कोणी बोटही दाखवले नाही. नाकावरचा चष्मा किती वर्षांपूर्वीचा आहे, हेही कोणाला जाणून घ्यावेसे वाटले नाही. वास्तविक नमुना १-अ मध्ये रक्तगट लिहिणे ऐच्छिक आहे. याउलट दूरची दृष्टी आणि श्रवणशक्ती यांकडे विशेष लक्ष देऊन तपासणी केली, असे डॉक्टरांना सहीनिशी लिहून द्यावे लागते.

ही तपासणी नेत्रतज्ज्ञाकडूनच झाली पाहिजे असा नियम असावा का, की नमुन्यात विचारलेले प्रश्नच मुळात अपुरे आहेत? ज्यांचा या विषयाशी प्रत्यक्ष संबंध आला आहे, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

चिंचोके

आपले वडील निदान दवाखान्यापर्यंत तरी गेले. आमच्याकडे प्रमाणपत्र स्वतःच एजंटासोबत चालत घरी आले होते.

फॅमिली_डॉक्टर

मी तालुक्याच्या गावी अनेक वर्षे सर्वसाधारण वैद्यकीय व्यवसाय करतो आणि अशी प्रमाणपत्रे देतो, त्यामुळे सही करणाऱ्यांची बाजूही येथे नोंदवतो. न पाहता सही करणे चूकच आहे, त्याचे समर्थन मी करणार नाही. परंतु नमुना काय मागतो तेही पाहावे. स्वच्छ दिवसाच्या उजेडात पंचवीस मीटरवरून मोटारीची नंबर पाटी वाचता येते का, असा त्यात प्रश्न आहे. माझी तपासणीची खोली दहा बाय बाराची आहे. प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे, तर अर्जदाराला घेऊन मला रस्त्यावर उतरावे लागेल, आणि बाहेर तापाचे व खोकल्याचे रुग्ण बाकावर खोळंबून राहतील.

दुसरी अडचण माणसांची आहे. तक्ता वाचायला सांगितला की, ‘डॉक्टर, तुमच्या जन्माच्या आधीपासून गाडी चालवतोय,’ असे ऐकून घ्यावे लागते. प्रमाणपत्र नाकारले तर तोच गृहस्थ पुढच्या चौकातून अर्ध्या तासात ते घेऊन येतो आणि पुन्हा आपल्याकडे रक्तदाबाची गोळी लिहून घ्यायला येत नाही तो नाहीच. अलीकडे प्रमाणपत्र डॉक्टरांनी स्वतःच्या लॉगिनवरून भरायचे असते, त्यामुळे कोऱ्या सह्यांच्या गठ्ठ्यांना थोडा आळा बसला आहे, हे मात्र मान्य करावे लागेल.

गणिताचा_तास

पंचवीस मीटरची अट ऐकायला किरकोळ वाटते, म्हणून थोडी आकडेमोड केली. नियमानुसार मोटारीच्या पाटीवरील अक्षराची उंची ६५ मिलिमीटर असते. दृष्टी ६/६ (म्हणजे शाबूत नजर, खालचा आकडा वाढेल तशी नजर कमी) असलेला माणूस पंचवीस मीटरवरून साधारण ३६ मिलिमीटर उंचीचे अक्षर वाचू शकतो. या हिशेबाने पाटी वाचण्यासाठी लागणारी दृष्टी ६/९ आणि ६/१२ यांच्या मधोमध येते. म्हणजे सहा मीटरवरचा तक्ता वापरला तरी जवळपास तेच उत्तर मिळते, आणि डॉक्टरसाहेबांना रुग्णांना सोडून रस्त्यावर उतरण्याचे कारण उरत नाही.

आता वेगाचा हिशेब. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर कापते, म्हणजे पंचवीस मीटर संपायला दीड सेकंद लागतो. धोका ओळखून ब्रेकवर पाय जाईपर्यंतच यातला बहुतेक वेळ सरतो. महामार्गावर चालणाऱ्या वेगाच्या तुलनेत ही अट कडक नसून बरीच सैल आहे, असे माझे मत झाले आहे.

डॉ_नेत्रा

मी नाशिकला नेत्रतज्ज्ञ म्हणून काम करते. वरची आकडेमोड योग्य आहे. फक्त पाटीवरची अक्षरे दाटीने बसवलेली असतात आणि तक्त्यावरची सुटी असतात, त्यामुळे काठावरची दृष्टी असलेल्याला पाटी वाचणे थोडे अधिक जड जाते.

कृष्णाकाठ यांच्या प्रश्नातला दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. तक्ता नेमके काय मोजतो? नजरेच्या अगदी मध्यभागी, भरपूर उजेडात, पांढऱ्यावर काळे ठळक आणि स्थिर अक्षर ओळखण्याची क्षमता तो मोजतो. संध्याकाळी सातला पावसात मुंबई-आग्रा रस्त्यावर यांपैकी एकही परिस्थिती नसते.

काचबिंदूचे उदाहरण घ्या. त्यात बहुतेक वेळा दृष्टीचा कडेचा भाग आधी जातो आणि मध्यभाग शेवटपर्यंत शाबूत राहतो. असा रुग्ण माझ्यासमोर बसून ६/६ ची ओळ खडाखडा वाचतो. गेलेल्या भागात त्याला काळा डाग दिसत नाही, कारण मेंदू आजूबाजूच्या दृश्यावरून ती जागा भरून काढतो, आणि म्हणून आपले काही हरवले आहे याचा त्याला पत्ताच नसतो. ‘तो माणूस कुठून आडवा आला कळलंच नाही,’ हे वाक्य दवाखान्यात कोणी बोलले की मी दृष्टिक्षेत्राची तपासणी, म्हणजे पेरिमेट्री, करून घ्यायला सांगते. नमुना १-अ मध्ये दृष्टिक्षेत्राविषयी प्रश्नच नाही.

मोतीबिंदूचे थोडे निराळे आहे. सुरुवातीचा मोतीबिंदू असलेला माणूस दिवसा तक्त्यावर ६/९ पर्यंत सहज पोहोचतो, परंतु रात्री समोरून दिवे आले की डोळ्यातल्या गढूळ भिंगावर प्रकाश विखुरतो आणि सगळा रस्ता पांढरा होतो. दिवे निघून गेल्यावर नजर पुन्हा जुळायलाही त्याला वेळ लागतो. वयाचाही भाग असतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होते, आणि साठीतल्या माणसाच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. रातांधळेपणा आहे का, असा प्रश्न नमुन्यात आहे खरा, पण त्यावर ‘नाही’ असे लिहिण्याआधी कोणी दिवा मालवून पाहत नाही.

जाता जाता दोन गोष्टी सांगते, कारण त्या रोज विचारल्या जातात. रात्री गाडी चालवण्यासाठी म्हणून विकले जाणारे पिवळे चष्मे डोळ्यांत येणारा प्रकाश आणखी कमी करतात. त्यांनी मदत होत नाही. आणि उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचा गाडीत बसल्यावर फारशा काळ्या होत नाहीत, कारण समोरची काच अतिनील किरण अडवते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करताना मल्टिफोकल, म्हणजे दूरचे आणि जवळचे दोन्ही दाखवणारे, भिंग बसवायचे ठरत असेल आणि आपण रात्री गाडी चालवत असाल, तर ते शल्यचिकित्सकाला आधी सांगावे. या भिंगांमुळे काहींना दिव्यांभोवती वलये दिसतात.

सर्वांना नेत्रतज्ज्ञाची सक्ती करावी असे मला वाटत नाही. तालुक्यांत तेवढे नेत्रतज्ज्ञ नाहीत. फॅमिली डॉक्टरांनाही दृष्टिक्षेत्राची ढोबळ तपासणी करता येते. रुग्णासमोर हातभर अंतरावर बसायचे, त्याचा एक डोळा झाकायचा, त्याला आपल्या नाकाकडे पाहायला सांगायचे आणि आपले हलते बोट बाहेरून आत आणत कधी दिसते ते विचारायचे. दोन मिनिटे पुरतात. शंका आली, किंवा साठीपुढचा रुग्ण असेल, मधुमेह असेल, घरात कोणाला काचबिंदू असेल, तर पुढे पाठवावे.

चिंचोके

डॉक्टर, हातभर अंतरावर बसून बोट हलवले तर आमच्या गावात त्याचा वेगळा अर्थ निघतो. विनोद सोडून देतो. समोरच्याने अप्पर लावून गाडी आणली तर पंचविशीतल्या शाबूत डोळ्यांनाही काही दिसत नाही, त्याचे प्रमाणपत्र कोणी द्यायचे?

लालपरी_निवृत्त

एसटीच्या आगारात मी वाहतूक नियंत्रक आणि पुढे निरीक्षक म्हणून नोकरी केली. चालकांची डोळ्यांची तपासणी भरतीच्या वेळी होते आणि पुढेही होत राहते, तीत रंगांचे पुस्तकही दाखवले जाते. खासगी गाडीवाल्यांच्या तुलनेत हे बरेच कडक आहे. तरीही माणूस वाट काढतोच. आमच्या वेळी तपासणीची रांग व्हरांड्यात लागत असे आणि दार उघडे असल्याने आतला तक्ता रांगेतल्यांना दिसत असे. पुढचा चालक मोठ्याने ओळ वाचायचा आणि मागचे चौघे ती ओठांतल्या ओठांत घोकायचे. एका हुशार साहेबांनी तक्ता काढून दुसरा लावला, तेव्हा एका चालकाने जुन्याच तक्त्याची शेवटची ओळ न अडखळता म्हणून दाखवली.

हसण्यावारी नेले तरी यामागची भीती खोटी नव्हती. नजर गेली की स्टिअरिंग गेले, आणि स्टिअरिंग गेले की भत्ता व जादा कामाचे पैसेही गेले. कायदा चालकाच्या बाजूने आहे. नोकरीत असताना अपंगत्व आले तर सरकारी आस्थापनेने कर्मचाऱ्याला काढता कामा नये, त्याची पदावनती करता कामा नये, त्या कामाला तो योग्य राहिला नाही तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे, अशी तरतूद १९९५ च्या कायद्यात होती आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही आहे. परंतु चाळीस प्रवाशांचा मालक म्हणून वावरलेल्या माणसाला आगारात कागद पोचवायला लावले की तो खचतो. त्यामुळे माणूस त्रास लपवतो. डॉ. नेत्रा यांनी लिहिले आहे तसे कडेचे दिसत नसेल, तर चालक मान सतत इकडेतिकडे फिरवू लागतो. अशा मानेवरून आम्ही काही जणांना ओळखून डोळ्यांच्या दवाखान्यात पाठवले आहे.

हिरवा_की_तांबडा

रंगांच्या पुस्तकाचा विषय निघाला म्हणून लिहितो. मला लाल-हिरव्याचा रंगांधळेपणा आहे. त्या पुस्तकात ठिपक्यांचे एक पान असे असते की सर्वसामान्य नजरेला त्यात ७४ दिसतो आणि माझ्यासारख्याला २१ दिसतो. पूर्वी नमुन्यात लाल आणि हिरवा रंग चटकन ओळखता येतो का, असा सरसकट प्रश्न होता आणि खरे उत्तर देणाऱ्याचे परवान्याचे स्वप्न तिथेच संपत असे. जून २०२० मध्ये केंद्राने नमुना १ आणि १-अ मध्ये बदल केला. आता सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना परवाना मिळतो. तीव्र किंवा पूर्ण रंगांधळेपणा असेल तरच अडचण येते.

लोकांना वाटते की आम्हाला सिग्नल कळत नाही. दिवसा कळतो, कारण लाल वर आणि हिरवा खाली असतो, शिवाय सिग्नलच्या हिरव्यात मुद्दाम निळसर छटा ठेवलेली असते. पंचाईत होते ती रात्री, अनोळखी रस्त्यावर. खांब अंधारात दिसत नाही, दिवा वरचा की खालचा ते समजत नाही आणि पिवळे पथदिवे व सिग्नलचा पिवळा किंवा लाल यांत गल्लत होते. ज्यांना लाल रंगच मंद दिसतो, त्यांना पुढच्या गाडीचे ब्रेकचे दिवेही उशिरा जाणवतात. म्हणून मी पुढच्या गाडीपासून इतरांपेक्षा जास्त अंतर ठेवतो. त्या मोकळ्या जागेत पुण्यात कोणी ना कोणी रिक्षा आणून घालतो, हा भाग वेगळा.

चिंचोके

७४ च्या जागी २१ दिसत असेल, तर कृष्णाकाठ यांच्या वडिलांचे प्रमाणपत्र आपणच द्यावे. परवाना सरळ चाळिसाव्या वर्षापर्यंत मिळेल.

टेम्सकाठी

मी लंडनमध्ये राहते. इकडे सगळे शिस्तीत असेल अशी समजूत असते, म्हणून वस्तुस्थिती लिहिते. ब्रिटनमध्ये वाहनचालनाच्या परीक्षेच्या दिवशी परीक्षक वीस मीटरवर उभ्या असलेल्या गाडीची पाटी वाचायला लावतो, प्रत्यक्ष रस्त्यावर. दृष्टी ६/१२ हवी आणि आडवे दृष्टिक्षेत्र किमान १२० अंशांचे हवे, असे निकष आहेत. मी परीक्षा दिली तेव्हापासून आजवर माझ्या परवान्यासाठी कोणी पुन्हा डोळे तपासलेले नाहीत. सत्तरीनंतर दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, पण तेही स्वयंघोषणेवर. म्हणजे कागदोपत्री पाहिले तर भारतातला चाळिशीनंतरचा नियम कडक आहे.

फरक आहे तो आजार कळवण्याच्या बाबतीत. काचबिंदू दोन्ही डोळ्यांत असेल, फिट आली असेल, मधुमेहासाठी इन्सुलिन सुरू झाले असेल, तर परवाना देणाऱ्या खात्याला कळवणे चालकावर बंधनकारक आहे. रुग्ण समजावूनही ऐकत नसेल आणि गाडी चालवतच राहिला, तर डॉक्टर स्वतः त्या खात्याला कळवू शकतात आणि तसे करणे त्यांच्या व्यवसायाच्या नियमांत बसते. इन्सुलिन घेणाऱ्याने निघण्यापूर्वीच्या दोन तासांत साखर मोजायची आणि लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी पुन्हा मोजायची, असेही सांगितलेले आहे.

रानजाई

फिट येण्याविषयी कोणी लिहील याची वाट पाहत होते. माझ्या धाकट्या भावाला कॉलेजात असताना आकडी आली होती. औषधे चालू आहेत आणि कित्येक वर्षांत पुन्हा आलेली नाही. नमुना १ मधला पहिलाच प्रश्न फेफरे येते का, अचानक शुद्ध हरपते का किंवा चक्कर येते का, असा आहे. त्याला ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर चालते. किती वर्षांपूर्वी, औषधांवर नियंत्रण आहे का, झोपेतच येते का, हे विचारण्याची सोयच नाही. टेम्सकाठी, तुमच्याकडे याला काही मुदत असते का?

भाऊ गाडी चालवत नाही, कारण तो खोटे लिहायला तयार नाही. त्याच्याच औषधांच्या दुकानात भेटणारे दोघे तिघे सर्रास दुचाकीवरून येतात. प्रामाणिक माणसाला बस आणि लपवणाऱ्याला मोटारसायकल, असा हा नियम आहे.

टेम्सकाठी

रानजाई, हो, मुदत असते. अपस्मार असलेल्याला खासगी मोटारीसाठी सर्वसाधारणपणे बारा महिने फिट आलेली नसावी लागते. बस किंवा ट्रकसाठी दहा वर्षे फिट नसावी आणि त्या काळात औषधही चालू नसावे. मुदत ठरलेली असल्यामुळे माणूस कळवायला कमी घाबरतो, कारण परवाना परत मिळण्याची वाट त्याला दिसत असते.

फॅमिली_डॉक्टर

रानजाई यांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. फिट आलेला रुग्ण माझ्याकडे आला की गाडी चालवू नका असे मी सांगतो, आणि त्यानंतर तो पुढच्या खेपेला फिट आल्याचेच सांगत नाही. त्यामुळे औषधाची मात्राही चुकते.

आपल्या कायद्यात सोय अजिबात नाही असे नाही. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १६ प्रमाणे आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे चालक वाहन चालवण्यास अयोग्य झाला आहे असे मानण्यास सबळ कारण असेल, तर परवाना प्राधिकारी मुदत संपण्याची वाट न पाहता परवाना रद्द करू शकतो किंवा नवे वैद्यकीय प्रमाणपत्र मागू शकतो. धोका आहे हे ठाऊक असूनही त्या अवस्थेत गाडी चालवली, तर कलम १८६ खाली पहिल्या गुन्ह्याला एक हजार आणि पुढच्या गुन्ह्याला दोन हजारांपर्यंत दंड आहे. पण ते सबळ कारण प्राधिकाऱ्यापर्यंत पोहोचणार कसे? माझ्या पाहण्यात कलम १६ वापरल्याचे उदाहरण नाही.

साखर एकदम उतरण्याचा धोका वाचकांनी डोळ्यांइतकाच गांभीर्याने घ्यावा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन, जेवण लांबवून घाटात गाडी घालणारे लोक मी पाहिले आहेत. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणे जुन्या मधुमेहात कधी कधी जाणवतच नाहीत, आणि थेट भान हरपते. गाडीत हाताशी ग्लुकोज ठेवावे. डिकीत ठेवून उपयोग नाही.

माळावरचा_आंबा

चर्चा चांगली चालली आहे, तरी मी विरोधी मत नोंदवतो. सगळा रोख म्हाताऱ्यांवर आहे. आमच्या गावातून तालुक्याला दिवसाकाठी दोन एसट्या जातात आणि दुसरी दुपारी चारला परतते. माझे काका पासष्टीचे आहेत, काकूंना आठवड्यातून ठरावीक दिवशी डायलिसिसला नेतात. दृष्टिक्षेत्राची तपासणी करून त्यांचा परवाना काढून घेतला, तर काकूंना कोण नेणार? शहरात परवाना गेला तर ओला, रिक्षा, मेट्रो आहे. गावात परवाना गेला म्हणजे दवाखाना गेला, बाजार गेला, लग्नकार्य गेले.

शिवाय माझ्या डोळ्यांदेखत झालेले अपघात मिसरूड न फुटलेल्या पोरांचे आहेत, आणि त्यांची नजर ६/६ होती. त्यांना कोणते प्रमाणपत्र लावणार?

डॉ_नेत्रा

माळावरचा_आंबा यांचा आक्षेप रास्त आहे, म्हणूनच परवाना ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढ्या दोनच खणांत हा प्रश्न बसवू नये असे मला वाटते. काही देशांत फक्त दिवसा, घरापासून ठरावीक अंतरात किंवा ठरावीक वेगापर्यंत गाडी चालवण्याची सशर्त परवानगी मिळते. आपल्याकडे अपंग व्यक्तीला तिच्यासाठी बदल केलेल्या वाहनाचा परवाना मिळतो, म्हणजे अट घालून परवाना देण्याची कल्पना कायद्याला परकी नाही. एका डोळ्याची दृष्टी गमावलेल्यांसाठीही नमुना १ मध्ये जुनी सवलत आहे. पाच वर्षे परवाना बाळगल्यानंतर एका डोळ्याची दृष्टी गेली असेल आणि चालकाच्या बाजूला बाहेरचा आरसा असलेले खासगी हलके वाहन चालवायचे असेल, तर एका डोळ्याने पाटी वाचलेली चालते.

आपल्या काकांनी डायलिसिसची वेळ सकाळची घ्यावी आणि डोळे तपासून घ्यावेत. तपासले म्हणजे परवाना जातो, ही समजूत आधी काढून टाकायला हवी. बहुतेकांना नवा चष्मा किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया एवढेच लागते, आणि नजर सुधारून घरी जातात.

निःशब्द

मी जन्मापासून ऐकू शकत नाही आणि गाडी चालवते. २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेचे प्रकरण गेले, तेव्हा चाचणी उत्तीर्ण होणाऱ्याला केवळ ऐकू येत नाही म्हणून अडवता येणार नाही ही बाजू मान्य झाली, आणि २०१६ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने राज्यांनाही तसे कळवले. तरीही परिवहन कार्यालयातल्या खिडकीवर मला ‘हॉर्न कसा ऐकणार?’ असे लिहून विचारले गेले. मी खाली लिहिले की काचा वर करून मोठ्याने गाणी लावणारे जसा ऐकतात तसाच.

आरशात पाहण्याची सवय आम्हाला इतरांपेक्षा अधिक असते, कारण त्यावाचून गत्यंतर नसते. त्यामुळे दृष्टीची तपासणी काटेकोर व्हावी, यात माझा स्वतःचा स्वार्थ आहे.

कृष्णाकाठ

सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. डॉ. नेत्रा यांचा प्रतिसाद वाचून वडिलांना गेल्या आठवड्यात डोळ्यांच्या दवाखान्यात नेले. नेण्यासाठी ‘सरकारी कामाला लागते’ असे सांगावे लागले, कारण ‘तपासणी’ म्हटल्यावर त्यांनी वर्तमानपत्र वाचून दाखवायला सुरुवात केली होती. त्यांना दूरचे वाचून दाखवायला सांगितले तर चष्मा बदलून ६/९ पर्यंत आले. दृष्टिक्षेत्र दोन्ही डोळ्यांचे ठीक निघाले. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू मात्र आहे आणि दिवाळीनंतर शस्त्रक्रिया ठरली आहे. मल्टिफोकल भिंगाविषयी मी मुद्दाम विचारले. डॉक्टरांनी त्यांच्यासाठी साधेच भिंग सुचवले.

तोपर्यंत अंधार पडल्यावर गाडी काढायची नाही, असे डॉक्टरांनी त्यांना माझ्यासमोर सांगितले. ते मी सांगितले असते तर भांडण झाले असते. माझ्या मूळ प्रश्नापुरते बोलायचे तर नेत्रतज्ज्ञाच्या सक्तीचा आग्रह मी सोडतो. नमुन्यात दृष्टिक्षेत्राचा प्रश्न घालावा, तक्त्यावरचा आकडा दोन्ही डोळ्यांसाठी स्वतंत्र लिहायला लावावा आणि चष्म्याच्या तपासणीची तारीख विचारावी, एवढे झाले तरी न पाहता सही करणे बरेच अवघड होईल. आकडा लिहायचा म्हटला की खोटा लिहिताना हात थोडा तरी अडखळतो.

फॅमिली_डॉक्टर

आकडा लिहिण्याची सूचना मी माझ्यापुरती लागू केली आहे. नमुन्यात जागा नसली तरी रुग्णाच्या कागदावर दोन्ही डोळ्यांची नोंद ठेवतो आणि बोट हलवूनही पाहतो. पाटीच्या प्रश्नाचेही जमवले. टेप लावून मोजले तेव्हा दवाखान्याच्या पायरीपासून पंचवीस मीटर समोरच्या रसवंतीपर्यंत भरले. रसवंतीवाल्याचा टेम्पो तिथे दिवसभर उभा असतो, त्याची पाटी मी अर्जदारांना वाचायला लावत होतो. दोन आठवड्यांत बाहेर बाकावर बसलेल्या सर्वांना तो नंबर पाठ झाला आणि लालपरी_निवृत्त यांच्या व्हरांड्याची आठवण झाली. आता त्या टेम्पोच्या शेजारी त्या क्षणी जी गाडी येऊन लागेल, तिची पाटी वाचायला सांगतो.